नागपूरहून आर्टिचोक मागवले, 4 नगांत दोनच कामाचे निघाले

नागपूरच्या एका भाजीच्या दुकानात फोनवर ऑर्डर देऊन आर्टिचोकचे 4 नग मागवले, दीडशे रुपयाचा एक, आणि भावानं ते एसटीनं आमच्या गावी दारव्ह्याकडं आणले. त्यातले दोन एक नंबर होते, दिसतात त्याहून हाताला जड, पाकळ्या घट्ट मिटलेल्या, दाबलं की करकर वाजे. बाकीचे दोन फुसके, पाकळ्या फाकलेल्या, देठ वाळून काडी झालेला, कापले त आतमधे नुसता तुरा भरलेला, खायला काहीच नाही. दुकानात सांगितलं त म्हणे माल वरूनच असा येते. अरे पण देताना हातात धरून पाहायला काय जाते, चारहीचे पैसे त पूरे घेतले ना.

वस्तू मात्र खरंच चांगली आहे. ही फळभाजी नाही, न उमललेली कळी आहे, आणि आपल्या करडईच्याच खानदानातली. आईनं पाहता पाहता म्हटलं, "हे त करडईचं मोठं बोंडच दिसून राह्यलं."

वरचा इंचभर भाग विळीनं उडवला, पाकळ्यांची काटेरी टोकं कात्रीनं काढली आणि कापल्या कापल्या लिंबू चोळलं, नाहीतर वांग्यासारखं काळं पडते. लोखंडी कढई किंवा जर्मनचा गंज घेऊ नका, रंग बिघडते. मी स्टीलच्या गंजात पाणी ठेवून वर चाळणीत वाफवलं, 40 मिनिटं लागली. मधातली पाकळी ओढली की अलगद हातात आली पाहिजे, जोर लावा लागला त अजून कच्चं आहे.

मग एकेक पाकळी तोडायची, बुडाचा गराचा भाग जवसाच्या चटणीत बुडवायचा (चटणीत कच्चं तेल कालवून घ्या) आणि शेवग्याच्या शेंगेसारखं दातानं ओढायचं, बाकी पाकळी फेकायची. पाकळ्या संपल्या की केसाळ तुरा लागते, तो चमच्यानं पूरा खरवडून काढा, गळ्यात अडकते तो. त्याच्याखाली वाटीसारखा गर, त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप! उकडलेल्या भुईमुगाच्या दाण्यासारखी चव, मागून थोडी कडवट, आणि त्याच्यावर माठातलं पाणी प्यायलं त चक्क गोड लागलं, आम्हाला तिघांनाही. आर्टिचोकमधलं सायनारिन नावाचं द्रव्य जिभेवर राहते त्यानं होते ते.

दुसरा चांगला नग न धुता, देठाचं टोक जरासं कापून, पाण्याचे चार थेंब शिंपडून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रिजमधे ठेवला. आज पाचवा दिवस, लाईट रोज जाऊन येऊन आहे तरी दाबलं की अजून करकर वाजते. पुढच्या खेपेला मी स्वतः नागपूरला जाऊन एकेक हातात तोलूनच घेईन, फोनवर नाही. हा उरलेला आजच करणार होतो, पण रविवारी मावशी येऊन राह्यली आणि आई म्हणते तिलाही ते गोड पाणी पाजायचं आहे, ती येईपर्यंत याला हात लावायचा नाही.