क्रिमिनल जस्टिसची पदवी : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

क्रिमिनल जस्टिसला (पोलीस, कोर्ट, तुरुंग या सगळ्या यंत्रणेचा अभ्यास) प्रवेश घेऊन आठ महिने झाले, दुसरी सेमिस्टर संपत आलीय. प्रवेशाआधी मला शिकणाऱ्यानेच लिहिलेलं काही वाचायचं होतं आणि ते मिळालं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझ्या डोक्यात तेव्हा फक्त फॉरेन्सिक होतं. बोटांचे ठसे, डीएनए, पांढरा कोट. वर्गातल्या बऱ्याच जणांचा इथेच घोळ झाला. प्रयोगशाळेत बसून तपासणी करायची असेल तर रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र घ्या, तिथे मुख्यतः विज्ञानाची पदवी बघतात. आम्हाला शिकवतात ते पुरावा उचलायचा कसा आणि कोर्टापर्यंत शाबूत न्यायचा कसा, एवढंच. पण तेवढंही सोपं नाही. एका प्रॅक्टिकलला डाग लागलेला कापडाचा तुकडा कागदी पाकिटात सील करायचा होता (प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि डाग खराब होतो). मी सील केलं, शेजारी सही केली. सरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. सही अर्धी सीलवर, अर्धी कागदावर हवी. कुणी सील उचकटलं तर ती जुळत नाही. शिवाय मधे पाकीट मैत्रिणीच्या हातात दिलं होतं, त्याची वेळ नोंदवहीत नव्हती. "या चार मिनिटांत हे कुणाकडे होतं?" सरांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या कोर्सचं सगळ्यात मोलाचं अंग मात्र अहवाल लेखन आहे. माहितीपत्रकात त्याची जेमतेम एक ओळ होती, आणि मला हा विषय कंटाळवाणा वाटेल याची खात्री होती. पहिल्या अहवालात मी लिहिलं, "इसम घाबरलेला होता व पळून जाण्याच्या तयारीत होता." मॅडमनी दोन्ही ठिकाणी लाल गोल केला. तू काय पाहिलंस? तो दोनदा दाराकडे बघत होता आणि हात खिशातून काढत नव्हता. मग तेवढंच लिही. दिसलेलं वेगळं आणि वाटलेलं वेगळं, ही सवय लागायला मला सात-आठ अहवाल लागले. पोलीस, प्रोबेशन (म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी बाहेर देखरेखीखाली ठेवण्याचं काम), तुरुंग प्रशासन, कुठेही गेलात तरी दिवसभर हेच लिहायचं असतं, आणि त्या कागदावर कुणाची तरी सुटका किंवा शिक्षा अवलंबून असते.

साक्षीदारांच्या जबाबाचा भागही असाच अंगावर आला. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी 1974 मध्ये 150 विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता. काहींना "धडकल्या"ऐवजी चक्काचूर सुचवणारा शब्द वापरून विचारलं. आठवड्याने फुटलेली काच दिसली का, असं विचारल्यावर दुसऱ्या गटातले 50 पैकी 16 जण हो म्हणाले, पहिल्यातले 7. फिल्ममध्ये काच नव्हतीच. त्यानंतर सराव जबाब घेताना "लाल शर्टवाला कुठे गेला?" हा माझा प्रश्न मी खोडला आणि "पुढे काय दिसलं?" असा लिहिला.

गस्त वाढवली की गुन्हे घटतात, हाही माझा पक्का समज होता. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत 1972-73 साली 15 बीटमध्ये (पोलिसांच्या गस्तीच्या विभागांत) गस्तीचं प्रमाण बदलून पाहिलं, तर गुन्ह्यांत लक्षणीय फरक पडला नाही. नंतरच्या प्रयोगांत मोजक्या, नेमक्या ठिकाणी गस्त एकवटल्यावर मात्र फरक दिसला. हे समजायला संख्याशास्त्र लागतं, आणि आमच्याकडे तोच विषय सगळ्यात वाईट शिकवला. स्लाइड वाचून दाखवायचे, बस. प्रवेशावेळी दर महिन्याला क्षेत्रभेट सांगितली होती. आठ महिन्यांत दोन झाल्या. याचा मला खरंच राग आहे.

म्हणून मी स्वतःच कोर्टात जाऊन बसायला लागले. जामिनाचे अर्ज काही मिनिटांत निकाली निघत होते. मागच्या बाकावर एक बाई होत्या, आरोपीची आई. पुढचं बोलणं मागे ऐकू येत नव्हतं. मुलाला आत नेलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "सुटला का?" जामीन नामंजूर झाल्याचं मला कळलं होतं, पण ते त्यांना कसं सांगावं हे कळेना. त्या दिवसापासून माझा ओढा प्रोबेशनकडे आणि आरोपींच्या-पीडितांच्या कुटुंबांना मदत करण्याच्या कामाकडे वळला.

पोलिसात जायचं असणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: ही पदवी असली तरी निवडप्रक्रिया टळत नाही. शारीरिक चाचणी, पूर्वचारित्र्याची पडताळणी आणि नंतरचं प्रशिक्षण वेगळंच असतं. प्रवेशाआधी कॉलेजला दोन गोष्टी जरूर विचारा. शिकवणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष या क्षेत्रात किती जणांनी काम केलंय, आणि फील्डवर्कचे तास लेखी देणार का. आमचे प्रॅक्टिकलचे सर आणि अहवालाच्या मॅडम, दोघंही नोकरी करून आलेले आहेत, आणि आठ महिन्यांत मला जे आलं त्यातलं बरंचसं त्या दोघांकडूनच.

पुढच्या सेमिस्टरच्या फील्डवर्कसाठी मी प्रोबेशन ही पहिली पसंती दिलीय. तोवर संख्याशास्त्र घरी बसून पुन्हा पहिल्यापासून करतेय.