खेतवाडीतल्या लॅबची पीएमआय (धातूची ग्रेड तपासण्याची) सर्व्हिस: ३१६एल स्टेनलेस घेणाऱ्यांनी जरूर वापरावी

साकीनाक्याला आमचं वर्कशॉप आहे. फार्मा आणि डेअरीवाल्यांसाठी स्टेनलेसच्या टाक्या बनवतो, क्वालिटी मी बघते. पत्रा, पाइप बहुतेक सी. पी. टँक-कुंभारवाडा भागातल्या व्यापाऱ्यांकडून येतो. ३०४ आणि ३१६एल या स्टेनलेसच्या ग्रेड शेजारी ठेवल्या तर नजरेने फरक कळत नाही. चुंबकानेही नाही, २०२चा पत्रासुद्धा चुंबकाला धरत नाही. म्हणून खेतवाडीतल्या या लॅबचा माणूस एक्सआरएफ गन (एक्स-रे टाकून धातूत काय किती आहे ते दाखवणारं हातातलं यंत्र) घेऊन आमच्याकडे येतो.

त्यांची किंमत मला एका प्लेटने पटली. टीसीवर (मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर) ३१६एल, हीट नंबरही (माल कोणत्या वितळणीतला ते सांगणारा नंबर) जुळत होता. गनने दाखवलं क्रोमियम १८.२, निकेल ८.१, मॉलिब्डेनम ०.२. ३१६ला मॉली २ ते ३ टक्के लागतं आणि निकेल किमान १०. म्हणजे सरळ सरळ ३०४! ऑपरेटरने एका रीडिंगवर शिक्का मारला नाही. गन वरचा अगदी पातळ थरच वाचते, म्हणून वरची प्लास्टिकची फिल्म काढून, ग्राइंडर फिरवून, तीन कोपऱ्यांवर पुन्हा घेतलं. आकडे तेच. कटिंगला जाण्याआधी प्लेट परत गेली. मिठाच्या पाण्याच्या टाकीत ती लागली असती तर क्लोराइडने तिला बारीक भोकं पाडली असती.

मग त्याने आपणहून वेल्डवर गन टेकवली. मी सांगितलं नव्हतं. प्लेट ३१६एल असली तरी वेल्डिंगची वायर चुकून मॉली नसलेल्या ३०८एलची वापरली तर सांध्यात मॉली कमी पडतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. तेव्हापासून वेल्डचं रीडिंग आमच्या चेकलिस्टमध्ये आहे.

मला सर्वांत आवडला तो त्यांचा प्रामाणिकपणा. ‘एल’ म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत, आणि कार्बन एक्सआरएफला दिसतच नाही. त्याचे किरण इतके क्षीण की हवेतच विरतात. “मॅडम, ३१६ आहे एवढं मी सांगतो. एल हवं असेल तर तुकडा लॅबला पाठवा, स्पार्कवर करू,” असं त्याने स्वच्छ सांगितलं. स्पार्क म्हणजे ठिणगी पाडून धातू तपासणारं मशीन, त्यात कार्बनही कळतो. काही जण गनच्याच जोरावर रिपोर्टात ३१६एल लिहून मोकळे होतात. कार्बन जास्त असला तर वेल्डच्या कडेला क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकतं आणि नेमकी तीच पट्टी सडते. स्पार्कचा छोटा डाग पडतो, त्यामुळे तयार टाकीवर नको, कटिंगच्या तुकड्यावरच करून घ्या.

शिस्तही चांगली आहे. गनमधून एक्स-रे निघतात, त्यामुळे एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम लागू होतात. ऑपरेटरच्या छातीला किरणं मोजणारा बॅज असतो, पोरांना लांब उभं करतो, छोटा तुकडा हातात धरून कधीच तपासत नाही.

सुधारायला हवं ते म्हणजे रिपोर्ट. पहिल्यांदा नुसतं ‘ग्रेड ३१६’ लिहून आलं. मला टक्के हवेत, कारण बाजारातला बराच माल मॉली २च्या काठावर असतो, २.०३ आणि २.४ यांत मला फरक पडतो. मागितल्यावर आकडे दिले, काठावरच्या मालाला रीडिंग जास्त वेळ धरूनही घेतलं, पण हे न मागता मिळायला हवं. साइटवर यायचा किमान चार्ज छोट्या वर्कशॉपला जड जातो, म्हणून मी दोन-तीन लॉट जमले की बोलावते. फोन करताना टीसीचा फोटो आधीच पाठवा आणि हीट नंबर रिपोर्टवर लिहायला सांगा.