धातू तपासायचं फ्लुओरेसेन्स मीटर, एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर: रसायन पाचपैकी पाच, झाकण शून्य

आधी झाकणाबद्दल लिहिते. यंत्राबद्दल चांगलं सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते पुढे येईलच. पण गेल्या आठवड्यात या झाकणाची बिजागरी पुन्हा सैल झाली आणि सर्व्हिसवाल्यांनी पुन्हा 'फिजिकल डॅमेज' म्हणून वॉरंटी नाकारली. एवढ्या किमतीच्या यंत्राला मसाल्याच्या डब्यासारखं पातळ प्लास्टिकचं झाकण, आत साधी रबराची पट्टीसुद्धा नाही. ज्या यंत्राचं सगळं काम उजेड मोजण्याचं, त्यात उजेड अडवणारा भाग सगळ्यात हलका ठेवावा, याची मला खरोखर चीड येते.

यंत्र म्हणजे हातात धरायचं तीन चॅनेलचं फ्लुओरोमीटर, पाण्यात टाकलेल्या रसायनाची चमक मोजून त्यात धातू किती आहे ते सांगणारं. सोबत लोह, तांबं आणि जस्त यांची सेन्सर रसायनं येतात. असली यंत्रं शोधणाऱ्यांना मॉडेल लगेच ओळखू येईल, म्हणून स्पेसिफिकेशन परत लिहीत नाही.

आमचं टॉवेलचं प्रोसेसिंग आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मी तिथली लॅब बघते. सोलापुरात टॉवेल-चादरीच्या धंद्यात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना पिनहोल म्हणजे काय ते सांगायला नको. ब्लीचिंगच्या पाण्यात लोह किंवा तांबं आलं की पेरॉक्साइड भसकन फुटतं, आणि जिथे गंजाचा कण धाग्यावर बसलेला असतो नेमका तिथला कापूस जळतो. बाथमधून माल काढताना काही कळत नाही. धुऊन, वाळवून टॉवेल कटिंगच्या टेबलावर आला की टाचणीएवढी भोकं दिसतात, तोवर अख्खा लॉट गेलेला असतो. पाणीही आमच्याकडे एका जागचं नाही. एमआयडीसीचं, बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते ड्रायव्हर सांगेल तेच खरं. बाहेरच्या लॅबला नमुना पाठवावा तर रिपोर्ट येईपर्यंत टाकी रिकामी झालेली असते. म्हणून मालकांच्या मागे लागून हे यंत्र घ्यायला लावलं.

आता झाकण इतकं का महत्त्वाचं ते सांगते. या सेन्सरच्या रेणूचा एक भाग धातूचा आयन पकडतो आणि दुसरा भाग चमकतो. आयन पकडला गेला की चमकेत फरक पडतो. हा फरक दोन तऱ्हेचा असतो. काही रसायनं धातू मिळाल्यावर उजळतात, काही विझतात. लोहाचं रसायन विझणाऱ्यातलं आहे, कॅल्सीनच्या जातीचं. निळा प्रकाश टाकला की ते हिरवंगार चमकतं, लोह येऊन बसलं की चमक मरते. किती विझलं त्यावरून मीटर लोहाचा आकडा काढतं.

सोपे आकडे घेऊ. धातू नसलेल्या कोऱ्या पाण्याची चमक १००, नमुन्याची ६०. म्हणजे ४० टक्के विझलं. आता झाकणाच्या फटीतून बाहेरचा २० इतका उजेड आत आला. कोरं झालं १२०, नमुना झाला ८०. विझलेलं दिसतं ३३ टक्केच. आणि कोरं सकाळी अंधारात लावलं, नमुना दुपारी बघितला, तर १०० वरून ८०, म्हणजे फक्त २० टक्के. खऱ्याच्या निम्मं! पाण्यात लोह आहे, आणि मीटर सांगतंय की बिनधास्त वापरा. चूक ज्या बाजूला अजिबात परवडत नाही, त्याच बाजूला होते. आमच्या शेडला छतात पारदर्शक पत्रे आहेत. मे महिन्यात दुपारी लॅबच्या टेबलावर नुसता उजेड ओतत असतो. सकाळच्या पाळीत धोक्याचं ठरलेलं पाणी दुपारी पास व्हायला लागलं, तेव्हाच मी टेबल खिडकीपासून हलवलं आणि झाकणाच्या कडेने बोट फिरवून बघितलं. बिजागरीच्या बाजूला नख आत जात होतं.

सर्व्हिसच्या माणसाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, सावलीत वापरा." एलईडी लुकलुकता ठेवायचा आणि लुकलुकणारा तेवढाच उजेड मोजायचा, म्हणजे बाहेरचा स्थिर उजेड आपोआप वजा होतो, ही सोय कितीतरी फ्लुओरोमीटरमध्ये असते. तुमच्यात का नाही, असं विचारलं. तर म्हणे, पुढच्या मॉडेलमध्ये देणार आहोत. मग या मॉडेलला निदान झाकण तरी धड द्या! सध्या मी काळ्या चादरीचा तुकडा दुहेरी घडी करून यंत्रावर टाकते आणि मगच बटण दाबते. आकडे तेव्हापासून सकाळ-दुपार सारखे येतात. ज्यांच्याकडे हे मॉडेल आहे त्यांनी आजच करून बघा. तोच नमुना एकदा उघड्यावर आणि एकदा कापडाखाली. फरक दिसला तर तुमचंही झाकण गळतंय.

तांब्याच्या चॅनेलवर मात्र मी फिदा आहे. हे रसायन उजळणाऱ्यातलं, रोडामाइनच्या घराण्यातलं. रेणूतलं एक कडं बंद असतं तोवर रसायनाला ना रंग, ना चमक. तांब्याचा आयन आला की कडं उघडतं. पहिल्यांदा टँकरच्या पाण्यात दोन थेंब टाकले तेव्हा बाटलीत काहीच दिसेना. बाटली हलवून टेबलावर ठेवली, आणि तळापासून फिकट गुलाबी चढायला लागली. हिरव्या एलईडीखाली तीच बाटली नारिंगी पेटली. आमचे डाइंग मास्तर बाजूलाच उभे होते. "एवढ्याशा तांब्याला एवढा उजेड होय ओ?" एवढंच म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या टाकीचं पाणी आणायला माणूस पाठवला. १९९७ मध्ये चार्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोडामाइन-बीचं असंच एक संयुग तांब्यासाठी मांडलं, त्यानंतर या घराण्यातल्या सेन्सरांचा पूरच आला. उजळणाऱ्या सेन्सरचा मोठा गुण हा की अंधारात दिवा लागला तर लगेच कळतो. दिवसाउजेडी एक दिवा थोडा मंद झाला तर ते ओळखणं कठीण. म्हणून कुणी नवीन घेत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: तुमच्या धातूचं रसायन उजळतं की विझतं?

तांब्याच्या चॅनेललाही दोन पथ्यं आहेत. एक, उघडलेलं कडं परत मिटत नाही, त्यामुळे भरलेली बाटली परत वापरता येत नाही, आणि आकडा ठरलेल्या मिनिटालाच घ्यावा लागतो. दुसरं सोलापूरकरांसाठी जास्त महत्त्वाचं. रोडामाइन-बीची चमक तापमान वाढेल तशी घटते, दर अंशाला साधारण दोन टक्क्यांच्या आसपास. एसीत ठेवलेलं कोरं आणि उन्हातून आणलेला नमुना यांची तुलना केली तर तांबं पाव हिश्शाने कमी दिसू शकतं. मी दोन्ही बाटल्या एकाच बादलीत पाण्यात बुडवून ठेवते आणि एकदमच बाहेर काढते. मॅन्युअलमध्ये 'रूम टेम्परेचर' एवढंच छापलंय. आमच्याकडे एप्रिलमध्ये रूम टेम्परेचर किती असतं, ते छापणाऱ्यांनी इथे येऊन बघावं.

जस्ताचं चॅनेल आम्हाला फारसं लागत नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या जुन्या जीआय पाइपांमुळे कधीतरी बघते. त्याला यूव्ही लागतो आणि चमक निळसर येते. टॉवेलवाल्यांनो, क्युवेट, म्हणजे नमुन्याची काचेची कुपी, पुसायला पांढरा टॉवेल अजिबात घेऊ नका. पांढऱ्या मालाला जो ऑप्टिकल ब्राइटनर लावतो तोही यूव्हीखाली निळाच चमकतो. टॉवेलचं एक बारीक लव काचेला चिकटलं की जस्त नसताना जस्त दिसतं. यूव्ही टॉर्चखाली ते लव दोऱ्याच्या तुकड्यासारखं स्पष्ट पेटलेलं दिसतं. लेन्सचा कागद वापरा.

उलट्या बाजूची चूक कशी होते तेही सांगते, कारण रीसायकल केलेलं पाणी वापरणाऱ्यांना हा त्रास होणारच. पाण्यात रंग राहिला असेल, विशेषतः काळा किंवा नेव्ही, तर तो रंगच उजेड गिळतो. लोहाचं चॅनेल विझलेलंच मोजतं, त्यामुळे त्याला हे सगळं लोह वाटतं. यावर जुना उपाय आहे. त्याच नमुन्यात मोजून थोडं लोह घालायचं आणि आकडा किती वाढतो ते बघायचं. ०.१ पीपीएम (लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम) घातलं आणि वाढ ०.०५ चीच दिसली, तर मधे काहीतरी उजेड किंवा लोह खातंय हे नक्की. मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर याची एक ओळ आहे. ती पहिल्या पानावर हवी होती.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं तेव्हा मी तीन तारे देणार होते. मध्ये बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आला. बोअरच्या त्याच पाण्यात माझं मीटर लोह ०.०६ पीपीएम दाखवत होतं, लॅबने अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनवर ०.३१ दिलं. पाचपट! मालकांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी एकही तारा दिला नसता.

पण दोन्ही आकडे बरोबर होते. लॅब नमुना अ‍ॅसिडमध्ये उकळते आणि असेल नसेल ते सगळं लोह मोजते. सेन्सरला फक्त मोकळा आयन दिसतो. गंजाच्या कणात अडकलेलं लोह त्याला दिसत नाही, सिक्वेस्ट्रंटने, म्हणजे धातू बांधून ठेवायला बाथमध्ये घालतो त्या रसायनाने, धरून ठेवलेलंही दिसत नाही. मग मी तोच नमुना अ‍ॅसिड घालून गरम केला, थंड केला, पीएच परत जागेवर आणला (हे विसरू नका, पीएच खाली असेल तर सेन्सरच्या पकडीत धातूऐवजी हायड्रोजनचे आयनच बसतात) आणि मीटरवर लावला. आकडा ०.२८ आला. गाळलेल्या पाण्याचा मात्र ०.०६ च राहिला. म्हणजे आमच्या बोअरमधलं बरंचसं लोह विरघळलेलं नसून गंजाच्या कणांच्या रूपात येतंय. हे लॅबच्या एका आकड्यावरून कधीच कळलं नसतं. आणि पिनहोल करतात ते हेच कण! सिक्वेस्ट्रंटचा डोस वाढवत बसण्यापेक्षा बोअरच्या लाइनला फिल्टर बसवला, आणि मालकांना हा खर्च सिक्वेस्ट्रंटच्या बिलापुढे लगेच पटला. आता दर टँकरचे दोन आकडे लिहिते: नुसता आणि अ‍ॅसिडनंतरचा. दोघांतल्या फरकावर माझं जास्त लक्ष असतं.

हीच गोष्ट टर्कॉइजची. मास्तर विचारत होते, टर्कॉइज या निळ्या-हिरव्या रंगात तांबं असतं म्हणतात, मग त्याच्या धुण्याच्या पाण्यात मीटर गप्प का? कारण त्या रंगाच्या रेणूत तांबं मधोमध घट्ट बसलेलं असतं, सेन्सरच्या हाती लागत नाही. सांगोल्याला माझे दीर डाळिंब करतात. तेल्या रोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारतात, तेव्हा बागेतल्या पाटाचं पाणी त्यांनी बाटलीत आणून दिलं. नुसत्या पाण्यात तांबं जेमतेम दिसलं. तळाशी बसलेला निळसर गाळ अ‍ॅसिडमध्ये विरघळवला आणि बाटली पेटली. शेतकऱ्यांनी हे यंत्र घ्यायचं असेल तर एवढं समजून घ्यावं, नाहीतर 'तांबं नाही' या आकड्यावर विसंबून राहतील.

या सगळ्या शास्त्राची सुरुवात कापडाच्या रंगाशीच जोडलेली आहे, हे वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. १८६७ मध्ये गोपेल्सरोडर यांनी मोरिन वापरून अ‍ॅल्युमिनियम ओळखून दाखवलं. मोरिन अ‍ॅल्युमिनियमला धरतं आणि चमकायला लागतं. आणि हे मोरिन ज्या लाकडातून मिळतं त्या फुस्टिकने युरोपात कापड पिवळं रंगवायचे. अ‍ॅल्युमिनियम तर आपल्या तुरटीतच असतं, आणि तुरटी रंगाऱ्याच्या हातात पूर्वीपासूनच आहे. पुढे रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये फ्यूरा-२ हे सेन्सर रसायन मांडलं आणि जिवंत पेशीतलं कॅल्शियम उजेडाने मोजणं खूप सोपं झालं. आमचं मीटर त्या मानाने अगदी साधं काम करतं, पण घराणं तेच आहे.

आता पैशाचं. यंत्राची किंमत एकदाच जाते, रसायनाची सतत. लोहाच्या रसायनाचा पॅक मोठाच घ्यावा लागतो, उघडल्यावर ते फ्रीजमध्ये आणि अंधारात ठेवावं लागतं, आणि मुदत संपली की राहिलेलं फेकून द्यायचं. आमच्यासारख्या मध्यम युनिटला निम्मा पॅक पुरतो. शेजारच्या युनिटबरोबर वाटून घेतलं तेव्हा हिशोब जमला. उन्हाळ्यात कुरिअरने मागवू नका. एक पॅक तापलेल्या गाडीतून आला आणि त्याची कोरी चमकच आधीच्या पॅकपेक्षा निम्मी होती. बदलून दिला, पण फोटो, बॅच नंबर आणि ईमेल अशी सगळी वरात काढल्यावर.

माझे तारे आता चार. रोज पाणी बदलणाऱ्या प्रोसेस हाउसने हे जरूर घ्यावं, पण बाहेरच्या लॅबचा महिन्याचा एक नमुना बंद करू नये. ज्यांना फक्त पिण्याचं पाणी एकदा तपासून घ्यायचंय त्यांनी यावर पैसे घालू नयेत, लॅबची फी त्यापेक्षा खूप कमी पडते. शिसं किंवा पाऱ्यासाठी घेणार असाल तर नुसत्या जाहिरातीवर जाऊ नका. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, पाऱ्याची ०.००१. तेवढं खालचं मोजून दाखवा म्हणावं, तेही आपल्या बोअरच्या जड पाण्यात, डिस्टिल्ड पाण्यात नव्हे.

उरलं झाकण. एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, नूतनीकरण या महिन्यात आहे. झाकण आणि त्याची रबरी पट्टी सुट्या भागांच्या यादीत किमतीसह लिहून द्या, असं पत्र मी कंपनीला पाठवलंय. ते लेखी आलं की मालक चेकवर सही करतील.