चामखिळीवर चुना, लसूण, थुजा आणि डक्ट टेप: जून ते दिवाळीपर्यंतचा अनुभव

खडू धरायच्या बोटावरच चामखीळ असली की ती विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. माझ्या तर्जनीच्या पेरावर एक मोठी, खरखरीत, आणि अंगठ्याच्या नखाला चिकटून एक बारकी. शाळा सुरू झाल्यापासून आता दिवाळी तोंडावर येईपर्यंत दोघींवर बरंच काही लावून पाहिलं. एका वेळी एकच उपाय, आणि मध्ये कातडी भरून येईपर्यंत थांबायचं, म्हणजे गुण कशाचा ते तरी कळेल.

पहिला मान चुन्याचा. स्टाफरूममध्ये निम्म्या जणींचा सल्ला तोच: टपरीवरून चुना आण, काडीने टेकव, आठवड्यात गळून पडते. मी भोवती व्हॅसलीनचं कडं केलं आणि टाचणीच्या डोक्याएवढा चुना मधोमध ठेवला. आधी काहीच वाटत नाही. मग चुणचुण, मग चांगलीच आग. पानात खातात म्हणून चुना गरीब वाटतो, पण ओल्या चुन्याचा पीएच 12 च्या वर असतो, म्हणजे तो फार तीव्र अल्कली, तो कातडी सरळ जाळतो. वरचा थर काळा पडून निघाला, खाली गुलाबी कातडी दिसली, आणि घरात सगळ्यांनी ‘गेली गं!’ म्हणून घेतलं. नवी कातडी धरल्यावर तेच काळे ठिपके परत वर आले. लोक त्या ठिपक्यांना मूळ म्हणतात, पण चामखिळीला मूळ नसतं. ती कातडीच्या वरच्या थरातच वाढते, आणि ठिपके म्हणजे रक्त गोठलेल्या बारीक केशवाहिन्या. ती आणणारा एचपीव्ही नावाचा विषाणू त्या थरातल्या पेशींत बसलेला असतो. थोड्या पेशी उरल्या तरी त्याला पुरतात. चुन्याने चामखिळीपेक्षा शेजारच्या कातडीचं जास्त नुकसान केलं. कडेचा डाग अजून आहे.

लसणाबद्दल फार लिहीत नाही. ठेचलेली पाकळी पट्टीखाली रात्रभर ठेवायची म्हणतात. सकाळी फोड, दिवसभर वास, आणि पहिल्या बाकावरची पोरं ‘बाई, आज चटणी आणलीय का?’ विचारायला मोकळी.

बिब्बा आणि रुईचा चीक मात्र हातात घेतलाच नाही. बिब्ब्याच्या ज्या तेलाने धोबी कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करायचे, ते बोटावर काय करेल हे समजायला प्रयोगाची गरज नाही. शेजारच्या काकूंच्या मनगटावर त्याचा व्रण आहे, चामखिळीपेक्षा चौपट मोठा. रुईचा चीक चुकून डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. घरात लहान मूल असेल तर हा उपाय कोणी सांगितला तरी ऐकून सोडून द्या.

मामांनी घोड्याचा केस बांधायला सांगितलं. त्यांच्या मानेवरच्या दोन अशाच गेल्या होत्या, आणि ते खोटं बोलत नाहीत. पण त्यांच्या लोंबत्या होत्या, बारीक देठाच्या. देठ आवळला की रक्त बंद, की सुकून पडते. त्या प्रकाराचा या विषाणूशी संबंध नसतो. माझ्या पेरावरच्या चपट्या चामखिळीला केस बांधणार कुठे?

आता थुजा, म्हणजे चामखिळीवरचं होमिओपॅथीचं औषध. यावर घरात वाद आहे, म्हणून जपून लिहिते. भाच्याच्या गुडघ्यावर सात-आठ चामखिळी होत्या, थुजा 200 च्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत सगळ्या एकदम गेल्या. जाऊबाई आजही शपथेवर सांगतात. मीही गोळ्या घेतल्या, वरून मदर टिंक्चर, म्हणजे थुजाचा मूळ अर्क, लावलं. चव गोड, त्रास शून्य, बदलही शून्य. मुलांच्या चामखिळी बऱ्याचदा दोन वर्षांच्या आत आपोआप जातात. शरीराने विषाणू ओळखला की सगळ्या एकदमच आवरतात. त्या वेळी तोंडात जी गोळी असेल तिला श्रेय मिळतं. सासूबाईंनी देवीला मीठ बोललं होतं, तेही त्याच महिन्यात, पण त्यांचं कोणी नाव घेत नाही! कॅनडात तळपायाच्या चामखिळींवर थुजासकट होमिओपॅथीची औषधं तपासली गेली, 1992 साली निकाल छापून आला: औषध नसलेल्या साध्या गोळ्यांपेक्षा फरक नाही. आणि बागेतली मोरपंखी तोडून तिचा रस लावणाऱ्यांसाठी: औषधातला थुजा उत्तर अमेरिकेतला, आपली मोरपंखी वेगळं झाड आहे.

डक्ट टेपचं, म्हणजे जाड, चिवट चिकटपट्टीचं, मला कौतुक वाटलं होतं. 2002 च्या एका अमेरिकन अभ्यासात टेपने 85 टक्के रुग्णांच्या चामखिळी गेल्या, द्रव नायट्रोजनने गोठवण्याने 60 टक्के. नंतर नेदरलँड्समध्ये शाळकरी मुलांवर आणि अमेरिकेत मोठ्या माणसांवर पुन्हा तपासलं, तेव्हा तो चमत्कार टिकला नाही. तरी हार्डवेअरच्या दुकानातून रोल आणला. सहा दिवस टेप, मग कोमट पाण्यात बोट बुडवून नखं घासायच्या कानशीने घासायचं, रात्र उघडं, सकाळी पुन्हा टेप. प्रत्यक्षात भांडी आणि खडू यांच्यापुढे टेप दोन दिवसही टिकत नाही. पण भिजवून घासल्यावर चामखीळ पहिल्यांदा खरोखर चपटी झाली, आणि कातडी भाजली नाही.

म्हणून शेवटी तेच भिजवणं-घासणं ठेवलं आणि टेपच्या जागी औषधाच्या दुकानातलं सॅलिसिलिक अॅसिड आणलं, 17 टक्क्यांचं, ब्रशने लावायचं. रोज रात्री पाच-सात मिनिटं कोमट पाणी, वरचा पांढरा मऊ थर घासायचा, बोट कोरडं करायचं, एकच थेंब. थर वाळून पापुद्रा धरतो, दुसऱ्या दिवशी तोच निघतो. कंटाळवाणं आहे. गणपतीत लावलं, नवरात्रात पेरावरच्या रेघा चामखिळीतून आरपार दिसू लागल्या. जागा साफ झाल्याची तीच खूण, कारण चामखीळ असते तिथे त्या रेघा तुटलेल्या असतात.

कानस स्वस्तातली कागदी घ्या आणि वापरून टाकून द्या. तीच नखांना लावली तर विषाणू नखांभोवती पसरतो. सासूबाईंना मधुमेह आहे, तळपायाला काहीतरी टणक झालंय. त्यांना यातलं काहीही करू दिलं नाही, सरळ डॉक्टरांना दाखवलं. चेहऱ्यावर किंवा नाजूक जागी असेल तरी तेच करा.

नखाजवळची बारकी अजून तशीच आहे. तिथे औषध नखाच्या खाचेत उतरतं आणि झोंबतं. दिवाळीच्या सुट्टीत त्वचारोगतज्ज्ञांकडे द्रव नायट्रोजनने गोठवून घेणार आहे.