बैठकीच्या लावणीचा कार्यक्रम: नक्की बघा, पण पुढे बसून

लावणी म्हणजे शिट्ट्या आणि डीजे असं ज्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय ना त्यांनी हा संगीत बारीचा, म्हणजे बायकांच्या लावणी गाण्या-नाचण्यावर उभ्या असलेल्या तमाशाच्या प्रकाराचा, कार्यक्रम आवर्जून बघा. पहिला भाग बैठकीचा, बाई नऊवारी सावरून बसूनच गाते, एकच ओळ परत परत घेते आणि दरवेळी अदा वेगळी, कधी लटका राग कधी आर्जव, तेही नुसत्या भुवया, मान आणि पदराच्या टोकावर. मग चाळ बांधून उभी राहते तेव्हा ढोलकीवाल्याशी जी जुगलबंदी रंगते, अहाहा! निवेदन पण मस्त, पेशवाईतले शाहीर, कोल्हाटी समाजातल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या ही कला कशी जपली, लावणी गायिका यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली मिळालेली पद्मश्री, सगळं येतं. ज्यांच्या जिवावर लावणी टिकली त्याच बायकांना समाजाने नावं ठेवली, हे स्टेजवरून स्पष्ट बोलतात ते मला फार आवडलं. साउंडचं मात्र बघा जरा, ढोलकीपुढे पेटी ऐकूच येत नव्हती. आईला घेऊन गेले होते, ती तर खुर्चीतून उठायलाच तयार नव्हती. तिकीट महाग वाटलं तरी पुढच्या रांगेतलंच काढा, मागून अदा दिसत नाही.