स्मोक मशीन: धुराचं सोडा, गोळीचं बोला

इंजिनातली हवेची गळती धूर सोडून शोधायला पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेल्या स्मोक मशीननं दिवाळीनंतर धूर द्यायचं बंद केलं, मग विकणाऱ्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर जे व्हायचं ते झालं, म्हणून हे लिहितोय. राग आहे, लपवणार नाही. पण मशीन फेकलेलं नाही, अजून वापरून राहिलोय, तेव्हा नुसती शिवीगाळ असेल असंही समजू नका.

आमचं गॅरेज इंदूरला, नवलख्याच्या बाजूला, दोन गाड्या कशाबशा उभ्या राहतील एवढंच. काम बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांचं, थोडं जुन्या डिझेलचं. नामी कंपन्यांची मशीनं लाखाच्या घरात जातात, ते आपल्याला झेपणारं नाही, म्हणून ऑनलाइन ९ हजारांचं मागवलं. बॅटरीला क्लिपा लावा, आत तेल तापतं, छोटा पंप हवा ढकलतो, नळीतून पांढरा धूर. बाकी स्पेसिफिकेशन सगळीकडे लिहिलेली आहेत, मी परत टाइप करत बसत नाही.

धूर चांगला देतं, दाट देतं. सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डची पॅकिंग, इंजिनाच्या आतल्या वाफा परत ओढणारा पीसीव्हीचा होज, थ्रॉटल बॉडीखालची ओ-रिंग, इंजेक्टरच्या बुडाशी असलेलं रबर, या जागा आधी कार्ब क्लीनर फवारून आणि कान लावून शोधायचो, गरम इंजिनावर ते फवारणं म्हणजे आगीशी खेळ. आता गाडी बंद, इंजिन थंड, हातात टॉर्च. ब्रेक बूस्टरचा पडदा फाटलेल्या एका गाडीत तर नळीतला एकेरी व्हॉल्व काढून बूस्टरमध्येच धूर सोडला, ब्रेक दाबला, तर धूर थेट पेडलजवळून केबिनमध्ये आला, मालक शेजारीच उभा होता, त्याला काही समजावून सांगावंच लागलं नाही.

माझं भांडण गोळीशी आहे.

मशीनच्या पुढे उभी पारदर्शक नळी आहे, तिच्यात छोटी गोळी. जेवढी हवा वाहते तेवढी गोळी वर. सिस्टिम धुरानं भरली आणि कुठेच गळती नसेल तर वाहणं थांबतं, गोळी खाली बसते. गळती असेल तर गोळी वरच तरंगत राहते. विकणाऱ्याच्या व्हिडिओत हिच्याबद्दल एक अक्षर नाही, नुसता धूर, वरमालेच्या वेळी स्टेजवर सोडतात तसा. मलाही पहिला महिनाभर गोळी शोभेचीच वाटत होती, लोकांना मशीन भारी दिसावं म्हणून लावलेली. मग एक गाडी आली, आयडलला, म्हणजे एक्सिलरेटर न दाबता उभी असताना, आरपीएम वरखाली, दुसरीकडे कुणीतरी "हवा घेतेय, मॅनिफोल्ड उतरवावं लागेल" असं सांगून खर्चाचा मोठा आकडा दिलेला. धूर सोडला, कुठूनच येईना, आणि गोळी गपकन खाली. म्हणजे हवा कुठूनच घेत नाहीये. शेवटी इंजिनाचा अर्थिंगचा नट ढिला निघाला. गळती आहे हे धूर सांगतो, गळती नाही हे गोळी सांगते, आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात ते या दुसऱ्या उत्तरानं. त्या दिवसापासून मी आधी गोळी बघतो, मग धूर.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडतात त्या नुसत्या स्कॅनरवर विसंबून राहू नका. ज्या गाडीत हवा मोजणारा मॅफ सेन्सर आहे तिथे गळतीची हवा मोजलीच जात नाही, म्हणून पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय तो आकडा, +२० टक्क्यांच्या आसपास जातो, मिश्रण पातळ असल्याचा P0171 कोड येतो, आरपीएम वाढवलं की ट्रिम खाली येतं. पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅप सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डचा दाब मोजतो, गळतीची हवासुद्धा त्या दाबात धरली जाते, त्यामुळे ट्रिम जवळजवळ बरोबरच दिसतं आणि फक्त आयडल चढलेलं राहतं. अशा गाडीत स्कॅनर म्हणतो सगळं ठीक आणि गोळी वर नाचत असते.

आता एवढ्या कामाच्या वस्तूची या लोकांनी काय दशा केलीय ते ऐका. पहिलं म्हणजे मशीनचे चारही पाय चार उंचीचे. ती नळी उभीच पाहिजे, जरा कलली की गोळी भिंतीला घासते आणि खोटं सांगते. गॅरेजची फरशी उताराची, पाणी जायला केलेली, त्यामुळे मी गवंड्याकडून जुनी पाणसळ आणली आणि मशीनखाली लाकडी चिपा सरकवून लेव्हल करून मगच चालू करतो. लोक हसतात, हसू देत. दुसरं, आणि हे अक्षम्य आहे, यांनी नळी धुराच्या वाटेत बसवलीय, म्हणजे तेलाच्या वाफा तिच्यातूनच जाणार, थंड होऊन आत ओघळणार आणि गोळी चिकटणार. चिकटलेली गोळी वर राहिली की नसलेली गळती शोधत बसा, खाली चिकटली की असलेली सुटली. टिचकी मारल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही हा आमचा नियमच झाला. तिसरं, नळी काचेची नाही, अ‍ॅक्रिलिकची आहे, हे कुठेही लिहिलेलं नाही. आमच्या पोरानं ती स्वच्छ करायला कार्ब क्लीनर मारला आणि संध्याकाळपर्यंत आत केसासारख्या चिरा. साबणाच्या पाण्यानंच धुवायची असते, पण हे सांगणार कोण, सोबतचा कागद चिनी भाषेत.

नळीवर आकडेही विश्वासाचे नाहीत, म्हणून मी २१ नंबरची इंजेक्शनची सुई वापरतो. तिचं आतलं भोक साधारण ०.५ मिमी असतं, आणि अमेरिकेत पेट्रोलच्या वाफेच्या सिस्टिमसाठी बारीक गळतीचं जे माप धरतात तेही ०.०२० इंच, म्हणजे तेवढंच. मशीनच्या नळीच्या टोकाला बूच, बुचात सुई, गोळी जिथे थांबते तिथे मार्करची रेघ. सुईला लांबी असल्यामुळे अगदी हुबेहूब माप नाही, पण रेघेच्या वर गोळी म्हणजे शोधायला लागा, खाली म्हणजे चहा सांगा. पाच रुपयांत काम झालं, कंपनीला हे सुचलं नाही.

डिझेलच्या बाबतीत माझं मत अर्धं उतरलंय. एक जुनी टर्बो डिझेल आली, शहरात बरी, भेरूघाट चढायला लागली की दम तोडते. धूर सोडला, काही नाही, गोळी खाली. क्लीन चिट दिली असती, पण या मशीनचा दाब १ पीएसआयसुद्धा नाही आणि टर्बो त्याच्या पंधरा-वीस पट देतो, हे डोक्यात होतं. मग रेग्युलेटर लावून कंप्रेसरची हवा जपून १५ पीएसआयपर्यंत नेली आणि साबणाचं पाणी मारलं, तर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजच्या खालच्या बाजूला एक चीर तोंड उघडून फुर्र करायला लागली. दाब उतरला की परत बंद. टर्बो पाइपसाठी घेणार असाल तर जास्त दाबाचं मशीन घ्या, हे नाही. आणि कंप्रेसर थेट जोडायचा शहाणपणा करू नका, ८ बार आहे तो, म्हणजे शंभराच्या वर पीएसआय, सगळे सील उडतील.

बारीकसारीक: सायलेन्सरमधून धूर आला तर घाबरू नका, एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व थोडे उघडे राहिलेले असतात, मागे चिंधी कोंबा. धूर मॅफ सेन्सर आणि इंजिन यांच्या मधे सोडा, त्याच्या तारेवर तेल बसायला नको. पंखा बंद. आणि संध्याकाळी हे काम घेऊ नका, माळव्याच्या ज्या हवेचं लोक एवढं कौतुक करतात ती आमच्या शटरमधून आत आली की बारीक धूर दिसतच नाही, आम्ही सकाळीच उरकतो. पेट्रोलच्या टाकीच्या बाजूला मी हे मशीन लावत नाही, पेट्रोलच्या वाफा आणि त्यात हवा ढकलणं नको. तिथे नायट्रोजन पाहिजे, टायरवाल्याकडे असतो, पण त्याला रेग्युलेटर लावून एवढ्या कमी दाबावर आणायची सोय या मशीनला नाही.

तेल. कंपनीची इवलीशी बाटली मागवली तर कुरिअर धरून साडेचारशे. मेडिकलवर लिक्विड पॅराफिन मागा, तेच काम करतं. मेडिकलवाला विचारतो पोट साफ होत नाही का, हो म्हणायचं. डीजेच्या फॉग मशीनचं पाणी घालू नका, ते ग्लायकॉलचं असतं, सगळीकडे चिकट ओल सोडतं.

आता भांडण. धूर बंद झाला, पंप चालू. वर्षाची वॉरंटी छापलेली. विकणारा म्हणतो, "सर, हीटर कंज़्यूमेबल में आता है." मग वॉरंटी कशाची, डब्याची? मशीन स्वखर्चानं दिल्लीला पाठवा, बघून सांगू. मी म्हटलं १९१५ नंबरच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकतो, तेव्हा अर्ध्या तासात उत्तर, हीटर अर्ध्या किमतीत देतो. अर्धी किंमत १२००. मी महाराणी रोडच्या इलेक्ट्रिकल बाजारात गेलो, तिथल्या काकांनी उघडून दाखवलं, कॉइल शाबूत, वायरीचं क्रिंप, म्हणजे दाबून बसवलेलं टोक, जळालेलं, ५० रुपयांच्या वस्तूसाठी १२०० मागत होते. नवीन टर्मिनल, वर काचतंतूची नवी वात, १५० मध्ये आधीपेक्षा दाट धूर.

मशीन उघडलंच होतं म्हणून गोळीचाही निकाल लावला. २०२१ मध्ये बाबांसाठी घेतलेल्या ऑक्सिजन सिलिंडरचा फ्लोमीटर, त्यातही अशीच नळी आणि गोळी, घरी पडून होता (बाबा ठणठणीत आहेत, रोज सकाळी पोहे-जिलबी चालू आहे). तो पंप आणि तेलाच्या डब्याच्या मधे बसवला, म्हणजे हवा आधी मीटरमधून आणि मग धुरात, गोळीला तेल लागायचा प्रश्नच नाही. वरचा नॉब पूर्ण उघडा ठेवायचा. त्याचे आकडे या दाबावर खरे नाहीत, पण सुईची रेघ नव्यानं मारली की झालं. फक्त एक, असा फ्लोमीटर पुन्हा कधी ऑक्सिजनला लावायचा नाही, तेलाचा अंश आणि ऑक्सिजन म्हणजे आगच, मी त्यावर लाल पेंटनं फुली मारून ठेवलीय.

आता गोळी चिकटत नाही, टिचकी मारावी लागत नाही. पाच स्टार दिलेत तर तेलाची बाटली फुकट पाठवतो असा विकणाऱ्याचा मेसेज काल आला. दोन दिलेत, एक धुराला, एक पंपाला.