डीसीपी-ओ-मॅटिक, आठ महिन्यांच्या वापरानंतर: चित्र निर्धास्त सोपवा, आवाज नाही

पात्र पडद्याच्या मधोमध उभं आणि संवाद मात्र डाव्या कोपऱ्यातून. हे लिहायला निमित्त झालं ते अशाच एका चाचणी प्रक्षेपणाचं. डीसीपी-ओ-मॅटिक हे फिल्मचा डीसीपी, म्हणजे सिनेमा हॉलमध्ये चालवायचं डिजिटल पॅकेज, बनवणारं फुकट सॉफ्टवेअर. दोष त्याचा नव्हता, त्यात भरलेल्या साउंडट्रॅकचा होता. पण लॅपटॉपवर ही चूक कळतच नाही, त्यामुळे ती थेट फेस्टिव्हलच्या हॉलपर्यंत जाते.

चित्राचं आधी उरकतो, कारण तिथे तक्रार जवळजवळ नाही. १९२० × १०८० ची फिल्म १९९८ × १०८० च्या ‘फ्लॅट’ या सिनेमाच्या चौकटीत टाकली की दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलची काळी पट्टी राहते. ती राहू द्या. ताणून किंवा कापून भरू नका. रेक. ७०९ चे (एचडी व्हिडिओचे) रंग एक्सवायझेडमध्ये (डीसीपीच्या रंगपद्धतीत) बदलायचं काम हेच सॉफ्टवेअर करतं. एडिटमधून आधीच बदलून आणलेत तर रूपांतर दोनदा होतं आणि रंग बिघडतात. मूळ फाइल प्रोरेस ४२२ एचक्यू (एडिटिंगसाठीचा, कमी दाबलेला प्रकार) द्या, वेबसाठी काढलेली एच.२६४ नको. बिटरेटची मर्यादा सेकंदाला २५० मेगाबिट आहे, पण हॉलमधले जुने सर्व्हर (डीसीपी चालवणारी यंत्रं) काठावर अडखळतात. १५० पुरतो, १० मिनिटांची फिल्म साधारण ११ जीबीत बसते.

फ्रेमरेटकडे मात्र नीट बघा. २५ फ्रेमवर शूट केलेली फिल्म २४ वर नेली की ती लांबते. १४ मिनिटं ३० सेकंदांची फिल्म १५ मिनिटं ६ सेकंदांची होते. कानच्या शॉर्टफिल्म स्पर्धेची मर्यादा श्रेयनामावलीसकट १५ मिनिटं आहे, म्हणजे केवळ रूपांतरामुळे फिल्म नियमाबाहेर जाऊ शकते. डीसीपीच्या एसएमपीटीई प्रकारात २५ ठेवता येतं, पण हॉलचा सर्व्हर ते चालवतो का हे आधी विचारून घ्यावं. पुढच्या फिल्मचं शूट करायचं असेल तर सरळ २४ वर करा.

आता आवाज. स्टिरिओ फाइल दिली की ती डाव्या-उजव्या चॅनेलवर जाते आणि मधला स्पीकर गप्प राहतो. दोन स्पीकरांपासून सारख्या अंतरावर बसलेल्याला संवाद मधून आल्यासारखा वाटतो. पण हॉलमध्ये तशी जागा मधल्या दोन-चार खुर्च्यांनाच मिळते. बाकीच्यांच्या कानावर जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पडतो, आणि मेंदू सगळा आवाज तिथूनच येतोय असं धरतो. मधला स्पीकर पडद्यामागे असतो तो याचसाठी.

सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओचं ५.१ (मधल्या स्पीकरसकट सहा चॅनेल) करणारे अपमिक्सर आहेत. सुरुवातीचे काही महिने मत असं होतं की फुकटात एवढं मिळतंय, तर हेच वापरावं. ते मत आता बदललंय. अपमिक्सर दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळंच मध्ये ओढतो. त्यात संवादाबरोबर संगीताचा गाभा आणि पावलांचे आवाजही येतात, आणि दृश्य आक्रसल्यासारखं ऐकू येतं. एडिटमधून संवाद, संगीत आणि परिसरध्वनी वेगळे काढता येत नसतील, तेव्हाच तो वापरा.

वेगळे काढता येत असतील तर काम सोपं आहे. संवादाची मोनो वेव्ह फाइल काढा आणि ऑडिओ टॅबमधल्या चौकटीत ती फक्त मधल्या चॅनेलला जोडा. संगीत आणि परिसरध्वनी डावी-उजवीकडे. आधी जो संवाद दोन स्पीकरांतून येत होता तो आता एकातून येणार, म्हणून त्याला साधारण ३ डीबी वाढवून द्या. एवढ्या एका बदलाने फिल्म हॉलसाठीच बनवल्यासारखी ऐकू येते. दुसरी चूक पातळीची. वेबसाठी -१४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या पातळीचं माप) दाबून बसवलेला मिक्स हॉलमध्ये कर्कश लागतो. प्रोजेक्शनिस्ट फेडर, म्हणजे हॉलच्या आवाजाचं बटण, सातवरून पाचवर आणतो आणि कुजबुजीतले संवाद गडप होतात.

सबटायटल चित्रातच बर्न करा. देवनागरी असतील तर नक्कीच, कारण वेगळ्या फाइलमधली जोडाक्षरं सर्व्हरवर तुटण्याचा धोका असतो. एन्क्रिप्शन बंद ठेवा. केडीएमची (ते कुलूप उघडणाऱ्या डिजिटल किल्लीची) वेळ थोडी जरी चुकली तरी शो होत नाही, आणि शॉर्टफिल्मला त्या कुलपाची गरज नसते.

खर्चाचं बोलायचं तर डीसीपी निवड झाल्यावरच लागतो. प्रवेशिका स्क्रीनरवर (निवड समितीला पाठवायच्या ऑनलाइन प्रतीवर) जाते, म्हणून एच.२६४, १०८० आणि वेगळा, नीट ऐकलेला स्टिरिओ मिक्स. निवड समिती बहुधा हेडफोनवर बघते, ५.१ वरून आपोआप उतरवलेला स्टिरिओ तिथे फसतो. निकाल लागेपर्यंत लिंकचा पासवर्ड बदलू नका. प्रवेशशुल्क प्रत्येक मुदतीगणिक चढतं आणि सहसा परत मिळत नाही, म्हणून पहिल्या मुदतीत भरा. लॅब डीसीपीसाठी मिनिटागणिक पैसे घेते; डीसीपी स्वतः करून वाचवलेली ती रक्कम एखाद्या खऱ्या हॉलमध्ये तासभर चाचणी घेण्यावर खर्च करा. आणि तिथे मधली खुर्ची सोडून टोकाच्या खुर्चीवर बसून ऐका.

ड्राइव्ह लिहिताना सोबतचा डिस्क रायटर लिनक्सचा ईएक्सटी२ फॉरमॅट करून देतो, पण अख्खी ड्राइव्ह पुसून. निवडताना नाव दोनदा वाचा. आतल्या एकाही फाइलचं नाव बदलू नका. व्हेरिफायर (डीसीपी तपासणारं साधन) चालवाल तो पाठवायच्या ड्राइव्हवरच्या प्रतीवर, स्वतःच्या संगणकातल्या फोल्डरवर नव्हे.